सासूबाईंच्या गोळ्यांचा डबा

मागच्या श्रावणात सासूबाई रात्री बाथरूमला जाताना पडल्या. वय 79, वजन 44 किलो. नशीब खुब्याचं हाड वाचलं, कपाळावर चार टाक्यांवर निभावलं. पण त्याच्या आधी दोन महिने त्या दिवसभर पेंगायच्या, बोलता बोलता शब्द सापडायचा नाही, आणि आम्ही सगळे म्हणायचो वय झालं आता, चालायचंच. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

कुणीतरी सांगितलं म्हणून मिरजेला एका मॅडमकडे गेलो, त्या फक्त वयस्कर पेशंट बघतात. फोनवरच सांगितलेलं की फाईल राहिली तरी चालेल पण घरात आहेत तेवढ्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. बिस्किटाचा पत्र्याचा डबा अख्खा टेबलावर ओतला, 11 प्रकारच्या गोळ्या निघाल्या. आईंना नावं माहीत नाहीत, ही गुलाबी सकाळची, ही पांढरी झोपेची, असं. मॅडमनी दोन स्ट्रिपा बाजूला काढल्या आणि मागची बारीक अक्षरं मला वाचायला लावली. ब्रँड वेगळे, पण दोन्हीत टेल्मिसार्टन 40! एक नेहमीच्या डॉक्टरांची आणि दुसरी आदल्या वर्षी ॲडमिट होत्या तिथून घरी सोडताना लिहून दिलेली. वर्षभर बीपीचा डबल डोस चाललेला, आणि दोन्ही दुकानातून आणून देणारी मीच.

मग आईंना झोपवून बीपी घेतलं, वरचं 138. उभं करून थोड्या वेळाने घेतलं तर 112. रात्री उठल्यावर चक्कर का यायची ते तिथेच कळलं.

पण मला सगळ्यात मोठा धक्का किडनीचा बसला. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा, 1.1, आम्ही नॉर्मल म्हणून निवांत होतो. मॅडम म्हणाल्या, क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि यांच्या अंगावर स्नायू राहिलेत कुठे, त्यामुळे आकडा चांगला दिसतो. कागदावर गणित केलं, 140 मधून वय वजा, गुणिले वजन, त्याला 72 आणि क्रिएटिनिनच्या गुणाकाराने भागायचं, आणि बाई म्हणून 0.85 ने गुणायचं. उत्तर आलं साधारण 29, म्हणजे किडनी मिनिटाला जेमतेम 29 मिली रक्त साफ करते, बरंच कमी. तळपायाची आग होते म्हणून प्रेगाबालिन 75 दोन वेळा चालू होतं, ते औषध जवळपास सगळं किडनीतूनच बाहेर पडतं, म्हणजे निचरा कमी आणि भर रोजची तेवढीच. पेंगणं त्यातलंच. त्यात झोपेची अल्प्राझोलाम. वयाबरोबर अंगातलं पाणी कमी होतं, चरबीचं प्रमाण वाढतं, लिव्हरचं कामही मंदावतं, त्यामुळे रात्रीच्या गोळीचा असर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रेंगाळतो. दहा वर्षं तीच गोळी घेतायत, काही झालं नाही, असं मी म्हटलं तर मॅडम शांतपणे म्हणाल्या, गोळी तीच आहे हो, पण घेणारं शरीर दहा वर्षांपूर्वीचं नाही ना.

गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्याची गोळी डायक्लोफिनॅक त्याच दिवशी बंद, कारण बीपीच्या त्या गोळीबरोबर ती किडनीला आणखी त्रास देते. टेल्मिसार्टन एकच ठेवली. प्रेगाबालिन टप्प्याटप्प्याने कमी करत 25 वर आणली. झोपेची मात्र एकदम तोडायची नाही असं बजावलं होतं, एकदम सोडली तर फिटही येऊ शकते, म्हणून दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी कमी. ते अडीच महिने फार जड गेले. आई रात्री दोन दोन वाजेपर्यंत जाग्या, चिडायच्या, गोळी दे म्हणून रडायच्यासुद्धा, मी शेजारी बसून पाय चेपत राहायचे.

दिवाळीच्या आसपास एकदा सकाळी किचनमध्ये आल्या आणि चकलीच्या भाजणीत धणे कमी पडलेत म्हणाल्या. नुसत्या वासावरून. मला भरूनच आलं.

आता डब्यात सहा गोळ्या आहेत. गेल्या आठवड्यात मेडिकलवाल्याने बीपीची दुसऱ्या कंपनीची दिली, मी डब्यात टाकणार तेवढ्यात आईंनी पंचांग वाचायचं भिंग मागवलं, म्हणाल्या, थांब गं, आधी मागचं नाव वाचूदे मला.