फ्लटर की नेटिव्ह? माझे सहा आठवडे एका प्रिंटरने खाल्ले

ॲप करायला घेताना फ्लटर घ्यावं, रिॲक्ट नेटिव्ह घ्यावं की सरळ कोटलिन आणि स्विफ्टमध्ये दोनदा लिहावं, हे मला अलीकडे बरेच जण विचारतात. पहिल्या दोघांत एकदाच लिहिलेलं ॲप ॲन्ड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं; नेटिव्ह म्हणजे ॲन्ड्रॉइडसाठी कोटलिनमध्ये आणि आयफोनसाठी स्विफ्टमध्ये वेगवेगळं लिहिलेलं. मी सगळ्यांना एकच विचारतो: तुमच्या ॲपला फोनबाहेरचं काय काय जोडायचं आहे? मला हा प्रश्न वेळेवर कुणी विचारला नाही, मलाही सुचला नाही, आणि संत्र्याचा अख्खा अंबिया बहार, म्हणजे दिवाळीच्या आसपासचा हंगाम, माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेला. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहून काढतोय.

आम्ही दोघं नागपूरच्या प्रताप नगरातल्या एका खोलीतून काम करतो. मी कॉलेजपासून ॲन्ड्रॉइडवाला, आधी जावा, मग कोटलिन. माझी भागीदार वेबवाली, रिॲक्ट तिच्या हातचं. काम आलं कळमना मार्केटमधल्या एका संत्रा व्यापाऱ्याकडून. हे शेठ काटोल-नरखेडकडचे बगीचे घेतात. तोडणी झाली की बांधावरच संत्र्यांचे कॅरेट, म्हणजे क्रेट, मोजले जातात. त्यांना हवं होतं एवढंच: दिवाणजींनी मोबाइलमध्ये कॅरेट आणि वजन टाकायचं आणि शेतकऱ्याच्या हातात तिथल्या तिथे मराठीत छापलेली पावती द्यायची. नेटवर्क असो वा नसो. छपाईला कमरेला अडकवायचा छोटा थर्मल प्रिंटर, ५८ मिलिमीटरच्या रोलचा. दिवाणजी आणि दोन पोरांकडे ॲन्ड्रॉइड फोन. शेठच्या मुलाकडे आयफोन, आणि तोही आठवड्यातून दोनदा बगीच्यावर जातो. म्हणजे दोन्ही पाहिजे.

निर्णय एका संध्याकाळी झाला. दोन माणसांनी दोन वेगळी ॲप लिहायची आणि दिवाळीपर्यंत द्यायची, हे जमणारं नव्हतं. रिॲक्ट नेटिव्ह भागीदाराला सोयीचं होतं, पण ते बटणं आणि मजकूर फोनच्या स्वतःच्या घटकांतून दाखवतं. फ्लटर पडद्यावरचं सगळं स्वतः काढतं, म्हणून अक्षरं चारही फोनवर सारखी दिसतील, असं मी म्हटलं आणि तिने मानलं. स्क्रीन, हिशोब, फोनमधला डेटाबेस, सगळं तीन आठवड्यांत झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काहीच घडलं नाही, आणि फ्लटरबद्दल माझं मत आजही चांगलं आहे ते त्यामुळेच.

मग आला प्रिंटर.

खरं तर प्रिंटर मी पहिल्याच आठवड्यात तपासला होता. ब्लूटूथ प्रिंटरचं एक फुकट प्लगइन, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड, घेतलं, माझ्या जुन्या ॲन्ड्रॉइड १० च्या फोनवर चालवलं, कागदावर इंग्रजीत 'टेस्ट' उमटलं. मी कामाच्या यादीतून प्रिंटर खोडला. पुढचे सहा आठवडे गेले ते त्या एका खोडण्यामुळे.

पहिला दणका मराठीचा. पावतीवर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं आणि भलतीच अक्षरं. स्वस्तातल्या अशा प्रिंटरमध्ये देवनागरी नसतेच. त्याच्या पोटात ठरावीक अक्षरांचे तक्ते असतात आणि त्यात आपली लिपी नाही. मग उपाय एकच, पावतीचं चित्र करायचं आणि ते छापायचं. ५८ मिलिमीटरच्या रोलवर एका ओळीत ३८४ ठिपके बसतात, म्हणजे ४८ बाइट. आमची पावती साधारण ८०० ओळींची, म्हणजे ३८,४०० बाइट. प्लगइन एवढं सगळं एका दमात प्रिंटरवर ढकलायचं. अर्धी पावती नीट यायची, मग प्रिंटरची मेमरी भरायची आणि पुढे हातभर कागदावर नुसता कचरा. तुकडे करून थांबत थांबत पाठवायला हवं होतं, पण त्या प्लगइनमध्ये तशी सोयच नव्हती.

मी प्लगइनच्या लेखकाला लिहिलं. नीट लिहिलं, फोटो जोडले, बदल काय हवा तेही सांगितलं. आणि वाट पाहिली. अकरा दिवस! दर सकाळी चहा घेण्याआधी तेच पान उघडून बघायचो. बाराव्या दिवशी मी जे पहिल्या दिवशी बघायला हवं होतं ते बघितलं: शेवटचा बदल तीन वर्षांपूर्वीचा, आणि माझ्यासारख्याच कित्येकांचे प्रश्न खाली उत्तरावाचून पडलेले. त्या माणसावर माझा राग नाही, त्याने फुकट दिलं होतं. राग याचा आहे की माझ्या ग्राहकाचा हंगाम मी अशा माणसाच्या भरवशावर ठेवला, ज्याच्याशी माझा काही करारच नव्हता.

यातली एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर राहील. कोणतंही प्लगइन घेण्याआधी तीन गोष्टी बघा: शेवटचा बदल कधीचा, उघडे प्रश्न किती जुने, आणि ते आजच्या ग्रेडलवर, म्हणजे कोडमधून ॲप तयार करणाऱ्या साधनावर, बिल्ड होतं का. ॲन्ड्रॉइडच्या ग्रेडल प्लगइनच्या आठव्या आवृत्तीपासून प्रत्येक मॉड्यूलला स्वतःचा नेमस्पेस, म्हणजे वेगळं ओळखनाव, लिहावाच लागतो, आणि जुनी प्लगइन तिथेच अडकतात. आमचंही अडकलं. मी त्याची प्रत काढून दुरुस्त केली, म्हणजे त्या दिवसापासून ते पोर माझंच झालं.

तशातच दिवाणजींचा फोन. त्यांचा मोबाइल ॲन्ड्रॉइड १३, आणि त्यावर प्रिंटर जोडलाच जाईना. माझ्या फोनवर जोडला जायचा. ॲन्ड्रॉइड १२ पासून ब्लूटूथसाठी वेगळ्या परमिशन मागाव्या लागतात, जवळपासची उपकरणं शोधायला एक आणि जोडायला दुसरी. जुनं प्लगइन फक्त लोकेशनची मागायचं. परमिशन नसली की सिस्टम स्पष्ट सांगते, पण ते सांगणं प्लगइन गिळायचं आणि माझ्या हातात फक्त 'जोडणी झाली नाही' एवढंच द्यायचं. थेट कोटलिनमध्ये असतो तर दहा मिनिटांत कळलं असतं. इथे दोन दिवस गेले.

मी नेटिव्हच्या बाजूने बोलतो तेव्हा लोकांना वाटतं मी वेगाबद्दल बोलतोय. वेगाचा इथे काही संबंध नाही. कॅरेट मोजायच्या ॲपला फ्लटरचा वेग भरपूर झाला. चूक झाली की ती कुठे झाली हे तुम्हाला थेट दिसतं की मधल्या कुणाच्या तोंडून कळतं, फरक तिथे आहे.

हे सगळं ठिगळं लावून चालू केलं आणि दिवाळीनंतर मी स्वतः काटोलकडच्या एका बगीच्यावर गेलो. सकाळपासून तोडणी, दुपारी टेम्पो भरलेला, शेतकरी काका बांधावर उभे. पहिल्या दोन पावत्या निघाल्या. तिसरीला प्रिंटर गप्प. दिवाणजी एकदा मोबाइलकडे बघतात, एकदा माझ्याकडे.

"काहून निघून नाही राहिली पावती, भाऊ?"

"दोन मिनिटं द्या, दिवाणजी."

दोन मिनिटांची चाळीस झाली. पडद्यावर तोच तो संदेश, सॉकेट बंद झालं असेल किंवा वेळ संपली असेल, अशा अर्थाचा. ब्लूटूथवर काम केलेल्या प्रत्येकाने हा पाहिलेला असतो आणि त्यातून काहीच कळत नाही. शेवटी दिवाणजींनी पिशवीतून जुनं पावतीपुस्तक काढलं, कार्बन घातला आणि पेनाने लिहून दिलं. काका काही बोलले नाहीत. पावती घडी करून खिशात ठेवली आणि टेम्पोमागे गेले. परतताना बसमध्ये मला कुणाशी बोलावंसं वाटलं नाही.

कारण रात्री सापडलं. तसा प्रिंटर एका वेळी एकाच फोनशी बोलतो. दुपारी एका पोराने त्याच्या फोनवरून एक पावती काढून पाहिली होती, आणि प्लगइन छपाई झाल्यावरही जोडणी धरून ठेवायचं. पोरगं टेम्पोत बसलं होतं, फोन त्याच्या खिशात, आणि प्रिंटर त्याच्याशीच बांधलेला. दर पावतीनंतर जोडणी सोडायची, हे एका ओळीचं काम आहे. ती ओळ कुठे लिहायची हे माझ्या ताब्यात नव्हतं.

आयफोनचं तर अजून सुरूच झालं नव्हतं. सीताबर्डीत ज्या दुकानातून प्रिंटर घेतला तिथे तीन चकरा झाल्या. दर वेळी उत्तर एकच, कंपनीला मेल करा. मेल केला. नवव्या दिवशी एक झिप फाइल आली. आत ॲन्ड्रॉइडसाठी जावाची लायब्ररी, आयफोनसाठी ऑब्जेक्टिव्ह-सीची, आणि दोन्हींचे नमुने. मी विचारलं, फ्लटरसाठी काही? नाही. रिॲक्ट नेटिव्हसाठी? नाही. ती फाइल उघडून मी बराच वेळ बसलो होतो. ज्याने यंत्र बनवलं तो नेटिव्हशीच बोलतो. मधला पूल कुणीतरी हौसेने बांधलेला असतो, आणि मी तो पक्का रस्ता समजून त्यावरून ट्रक नेत होतो.

आयफोनच्या नमुन्यातून आणखी एक कळलं. ॲन्ड्रॉइडवर आपण ज्या जुन्या क्लासिक ब्लूटूथने छापतो, ते आयफोनवर ॲपलचं एमएफआय प्रमाणन असलेल्या उपकरणांनाच खुलं आहे. आमच्या प्रिंटरला ते नव्हतं. तिथे फक्त ब्लूटूथ लो एनर्जीचा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या ब्लूटूथचा, रस्ता, तोही प्रिंटरमध्ये असेल तर. नशिबाने आमच्यात होता. पण त्या रस्त्यावरून एका वेळी किती बाइट जातात ते जोडणीवर ठरतं, आणि कमीत कमी धरलं तर फक्त २०. म्हणजे तीच ३८,४०० बाइटची पावती १,९२० तुकड्यांत. ज्यांना आयफोनवर छापायचं आहे त्यांनी प्रिंटर विकत घेण्याआधी हे विचारून घ्या. दुकानदार 'ब्लूटूथ आहे' म्हणाला म्हणजे आयफोनचं झालं असं नाही.

भागीदार म्हणाली, फ्लटर फेकून सगळं परत लिहायचं का? मी आदल्या रात्री हो म्हणणार होतो. सकाळी शांतपणे बघितलं तर अडलेलं होतं ते ॲपच्या एका कोपऱ्यात. फ्लटरमध्ये प्लॅटफॉर्म चॅनल असतं: फ्लटरच्या डार्ट भाषेतून हाक मारायची, पलीकडे कोटलिन किंवा स्विफ्टमध्ये लिहिलेलं तुमचं स्वतःचं काम चालतं आणि उत्तर परत येतं. मी प्लगइन उपटून टाकलं. चार दिवसांत कोटलिनमध्ये सव्वातीनशे ओळी लिहिल्या: परमिशन, जोडणी, ६४-६४ ओळींचे पट्टे करून पाठवणं, प्रत्येक पट्ट्यानंतर थोडं थांबणं, शेवटी जोडणी सोडणं. पावतीचं चित्र फ्लटरच काढतं, जोडाक्षरं अगदी नीट. स्विफ्टला सहा दिवस लागले, त्यातला एक उसन्या मॅकवर एक्सकोड, म्हणजे आयफोनची ॲप बनवायचं साधन, बसवण्यातच. फ्लटर घेतलं म्हणून मॅकपासून सुटका होत नाही, आयफोनचं बिल्ड शेवटी तिथेच होतं.

त्या सव्वातीनशे ओळींचा मला अभिमान आहे. त्यात एकही गोष्ट अशी नाही जी का आहे ते मला माहीत नाही.

प्ले स्टोअरचं राहिलंच. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक डेव्हलपर खातं असेल तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बंद चाचणी करावी लागते, किमान १२ माणसं सलग १४ दिवस. आधी २० माणसं लागायची, डिसेंबर २०२४ मध्ये १२ झाली. ॲप कोटलिनचं असो की फ्लटरचं, हे चुकत नाही. म्हणून स्क्रीन अर्धवट असतानाच ही चाचणी सुरू करा, घरच्या माणसांची नावं गोळा करून ठेवा. आम्ही शेवटी सुरू केली आणि १४ दिवस नुसते बसून राहिलो. गूगलची फी एकदाच २५ डॉलर, ॲपलची दरवर्षी ९९. ही दुसरी फी ग्राहकाला कोटेशनमध्येच सांगा, नाहीतर पुढच्या वर्षी तुमच्या खिशातून जाते.

साधनं बंद पडतात, हेही धरून चाला. झॅमरिन या एकदा लिहून दोन्हीकडे चालवायच्या साधनाचा आधार मायक्रोसॉफ्टने १ मे २०२४ रोजी थांबवला, माझ्या एका मित्राला तेव्हा चालतं ॲप उचलून दुसरीकडे न्यावं लागलं. नेटिव्हमध्येही बदल होतात, जावावरून कोटलिनवर मी स्वतः आलो, पण जुनं जावा त्यामुळे बंद पडलं नाही. दहा वर्षं चालवायचं काम असेल तर माझा कल नेटिव्हकडे असेल. ॲप सतत पार्श्वभूमीत लोकेशन घेणार असेल, तरीही. याद्या, फॉर्म, हिशोब, फोटो एवढंच असेल तर दोनदा लिहू नका, फ्लटर घ्या, रिॲक्ट येत असेल तर रिॲक्ट नेटिव्ह घ्या, आणि निवांत झोपा.

पुढच्या हंगामात, म्हणजे मृग बहाराला, दिवाणजींच्या बांधावर पावत्या निघत होत्या. एकदा मुद्दाम त्यांना फोन करून विचारलं. "निघून राहिल्या ना भाऊ, काहून?" एवढंच म्हणाले आणि कामाला लागले.

आता शेठना इलेक्ट्रॉनिक काटाही ॲपला जोडायचा आहे, वजन हाताने टाकायला नको म्हणून. मी सांगितलं, आधी काटा माझ्या खोलीवर पाठवा, पैशाचं नंतर बोलू. काटा आलाय, टेबलावर आहे. त्यावर पाच किलोची मिठाची पिशवी ठेवली की कोटलिनमध्ये आकडा बरोबर येतो. स्विफ्टचं बाकी आहे. स्क्रीन अजून एकही काढलेला नाही.