दोन वाजले म्हणजे आठ वाजले

आज झांझिबारमध्ये माझी पुरती फजिती झाली. काल रूममेट म्हणाली, उद्या 'सा म्बिली'ला डालाडालाच्या (इथली शेअर मिनीबस) स्टँडवर ये, जोझानीच्या जंगलात लाल कोलोबस माकडं बघायला जायचंय. स्वाहिलीत म्बिली म्हणजे दोन, एवढं तर येतं की आता, म्हणून मी कॉलर ताठ करून दुपारी दोनला हजर आणि आमच्यापैकी कुण्णी नाही. फोन केला तर पलीकडून नुसती खीखी. इथलं घड्याळ दिवस उजाडल्यावर सुरू होतं, सकाळचे सात म्हणजे यांचा एक, मग दोन म्हणजे आपले आठ!! सेमिस्टर अर्धं संपलं आणि हे मला आज कळतंय. चाय, चपाती, पेसा, हेसाबू, गारी असलं सगळं कानावर पडतं ना, म्हणून वाटायचं भाषा आपलीच आहे, तिथेच गंडले.

संध्याकाळी एकटीच फोरोधानीला, म्हणजे समुद्राकाठच्या खाऊगल्लीत, जाऊन उरोजो खाल्लं. कैरीचं आंबट पिवळं सूप, त्यात भजी, बटाटा, वरून कसाव्याचा कुरकुरीत कीस. विकणाऱ्या मामांना (मामा म्हणजे इथे आई बरं का) मोडक्या स्वाहिलीत किस्सा सांगितला, तर 'पोले, पोले' (अरेरे, अरेरे) म्हणत त्यांनी दोन भजी जास्त टाकली. माकडं आता पुढच्या रविवारी, सकाळी दोनला.