दोन ओहोळांचं पाणी मोजताना

झाडोरा गेला की पावसाचं पाणी जास्त वाहून जातं, हे वाचून माहीत होतं. ते का वाहून जातं, हे मोजायला उतरल्यावर कळलं.

उष्ण प्रदेशातली, शेजारशेजारची दोन छोटी पाणलोट क्षेत्रं निवडली. एकावर दाट झाडी, दुसऱ्यावरची तोडलेली. माती आणि उतार दोन्हीकडे सारखे हवेत, नाहीतर फरक झाडांमुळे पडला की मातीमुळे, हे ठरत नाही. खरं तर तोडीआधीच्या काही वर्षांच्या नोंदीही हव्यात. त्या नव्हत्या, त्यामुळे माझ्या तुलनेला ही मर्यादा आहेच.

दोन्ही ओहोळांवर 90 अंशांची त्रिकोणी खाच कापलेला पत्रा आडवा बसवला. खाचेच्या टोकापासून पाणी 10 सेंमी चढलं तर सेकंदाला साधारण 4.4 लिटर प्रवाह, 20 सेंमी चढलं तर जवळजवळ 25 लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींच्या पुढे जातं. उंचीतली लहानशी चूकही म्हणूनच महागात पडते, आणि नेमकी तीच माझ्या हातून झाली. मोजपट्टी मी खाचेलाच लावली होती. पडण्याआधी पाणी तिथे खाली झुकतं, त्यामुळे उंची कमी दिसते. पट्टी पत्र्याच्या मागे, पाण्याच्या उंचीच्या चौपट अंतरावर तरी हवी. सुरुवातीच्या सगळ्या नोंदी रद्द केल्या. फार जिवावर आलं.

नंतर जमिनीत पाणी किती वेगानं मुरतं ते पाहिलं. 30 आणि 60 सेंमी व्यासाची दोन कडी एकात एक रोवायची, दोन्हींत पाणी भरायचं आणि आतल्या कड्यातली पातळी घड्याळ लावून टिपायची. झाडीत पुन्हा पुन्हा पाणी ओतावं लागलं. उघड्या जमिनीवर ते नुसतं साचून राहिलं. आदल्या दिवशीच पाऊस झाला होता, म्हणून मला वाटलं माती भिजून तुडुंब झाली असेल. शेजारी नखानं उकरून पाहिलं, तर वर पापडीसारखा कडक थर आणि खाली माती कोरडी! थेंबांच्या माऱ्यानं सुटलेले बारीक कण छिद्रांत बसून जमिनीचं तोंडच मिटलं होतं. पानं थोडा पाऊस वरच्या वर अडवतात हे खरं, पण माझ्या मते मोठं काम जमिनीवरच्या पालापाचोळ्याचं आणि मुळांनी केलेल्या वाटांचं.

अपधावाचा, म्हणजे न मुरता वाहून जाणाऱ्या पाण्याचा, अंदाज घ्यायला कर्व्ह नंबरची पद्धत वापरली. तीत जमिनीला 100 पर्यंतचा एक आकडा देतात; तो जितका मोठा, तितकं जास्त पाणी वाहून जातं. मध्यम निचऱ्याच्या जमिनीवर चांगल्या जंगलाला 55, उघड्या जमिनीला 86. एका दिवसात 100 मिमी पाऊस धरला तर जंगलातून सुमारे 13 मिमी वाहून जातं, उघड्यावरून 63. हेक्टरी हा फरक 500 घनमीटरचा. 25 मिमीला जंगलातून काहीच नाही, उघड्यावरून जवळपास 5 मिमी. मात्र दिवसचे दिवस झड लागून माती पूर्ण भिजली की ही तफावत कमी होत जाते. मोठा पूर झाडं थांबवतीलच, असं म्हणूनच मी म्हणत नाही.

वर्षभराचा हिशेब वेगळाच निघतो. झाडं स्वतःही पुष्कळ पाणी पितात, त्यामुळे तोडीनंतर ओहोळाचं एकूण पाणी बहुधा वाढतं. 1982 साली 94 पाणलोट प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही कल हाच दिसला. पण जमीन पाणी आत घेईनाशी झाली, तर ती वाढ पावसाळ्यातच वाहून जाते आणि कोरड्या महिन्यांत ओहोळ आटतो.

पुढच्या पावसाआधी उघड्या भागातल्या एका पट्ट्यावर पालापाचोळा पसरून ठेवला आहे. कडी आता तिथे रोवायची आहेत.