ऑफसेटचं गणित एका ओळीचं, खरं काम पीळ न पडू देण्याचं

कंड्युट, म्हणजे ज्यातून वायर जाते तो पाईप, भिंतीला चिकटून सरळ आलाय आणि वायरिंगच्या बॉक्सचं भोक भिंतीपासून सेंटीमीटरभर वर आहे, ही परिस्थिती ज्याने हे काम केलंय त्याला रोजची आहे. बरेच जण काय करतात तर पाईप तसाच दाबून भोकात घालतात, मग शेवटच्या सॅडलपासून (पाईप भिंतीला धरून ठेवणारी पट्टी) पुढे तो तिरका जातो, पाईप बॉक्सला आवळणारा लॉकनट एका बाजूने टेकतो आणि दुसऱ्या बाजूला फट राहते. पाईपला तिथे दोन छोटे बेंड दिले, एक वर आणि लगेच दुसरा तितकाच उलटा, की पाईप भिंतीला समांतर राहूनच भोकात सरळ शिरतो. हाच ऑफसेट. मधे बीम आला, कॉलम आला, दुसरा पाईप आडवा आला, सगळीकडे हीच गोष्ट, फक्त माप मोठं.

मी इथे हाताच्या बेंडरने (लांब हँडल आणि त्याच्या टोकाला पाईप बसेल असा खोबणीचा वक्र भाग, ज्याला शू म्हणतात) वाकवायच्या पातळ भिंतीच्या स्टीलच्या पाईपबद्दल बोलतोय, ज्याला ईएमटी म्हणतात. पीव्हीसीचं थोडं पुढे येईल.

गणिताची भीती आधी घालवू. पाईप ज्या तिरक्या भागाने वर चढतो तो काटकोन त्रिकोणाचा कर्ण, आणि जेवढं वर चढायचंय ती त्याची उभी बाजू, बस एवढंच. ३० अंशाच्या त्रिकोणात कर्ण उभ्या बाजूच्या बरोब्बर दुप्पट असतो म्हणून ३० अंशाचा ऑफसेट सगळ्यांचा लाडका, १०० मिमी उचलायचं तर दोन खुणांमधलं अंतर २०० मिमी, कॅल्क्युलेटर लागत नाही. ४५ अंशाला १.४१ ने गुणायचं, २२.५ ला २.६१ ने, ६० ला १.१५ ने आणि १० अंशाला ५.७६ ने, पण १० साठी सगळे सरळ ६ च धरतात आणि त्याने काही बिघडत नाही कारण तिथे उचल इतकी कमी असते की फरक पेन्सिलच्या रेघेएवढा पण नसतो. हे आकडे काही बेंडरवर कोरलेले पण असतात.

उचल मोजताना मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा, पाईपचा जो कडा धरून मोजाल तोच दुसऱ्या टोकाला धरायचा. बीम भिंतीपासून ८० मिमी पुढे आलाय आणि त्याच्यावर २० मिमी मोकळी जागा ठेवायचीय तर पाईपच्या बुडापासून बुडापर्यंत उचल १०० मिमी. एकीकडे बूड आणि दुसरीकडे मधला अक्ष धरला की अर्ध्या पाईपएवढी चूक आधीच मापात शिरते आणि मग बेंडरला दोष दिला जातो.

आता आखडणं. पाईप तिरका चढला की आडव्या दिशेने तो कमी पोचतो, हे अगदी उघड आहे तरी सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. ३० अंशाला दर १०० मिमी उचलीमागे पाईप साधारण २७ मिमी आखडतो, ४५ ला ४१ मिमी, २२.५ ला २० मिमी. इंचात काम करणारे ३० अंशाला इंचामागे पाव इंच धरतात. म्हणजे पाईपच्या टोकापासून बीमपर्यंत ६०० मिमी अंतर असेल आणि १०० मिमीचा ३० अंशी ऑफसेट द्यायचा असेल तर बीमकडची खूण ६०० वर नाही तर ६२७ वर येणार, आणि दुसरी खूण तिथून टोकाकडे २०० मिमी मागे, म्हणजे ४२७ वर. ऑफसेट बरोब्बर बीमच्या आधी पूर्ण होतो. आखडणं धरलं नाही तर सगळा ऑफसेट २७ मिमी अलीकडे येतो आणि पाईपचं पलीकडचं टोक बॉक्सपर्यंत तेवढंच कमी पोचतं. म्हणूनच आधी वाकवायचं, मग जादाचा तुकडा कापायचा आणि आतली धार कानशीने किंवा रीमरने काढून टाकायची, नाहीतर वायर ओढताना इन्सुलेशन तिथेच सोललं जातं.

इथपर्यंतचं कुणीही एका चहाच्या वेळात शिकेल. पुढचं हातात बसायला वेळ लागतो.

खुणा करताना पाईपभोवती पूर्ण गोल रेघ मारा, नुसता ठिपका नको, कारण दुसऱ्या बेंडला पाईप फिरवल्यावर ठिपका खाली जातो आणि दिसत नाही. पहिली खूण बेंडरच्या बाणाशी लावा, हुक, म्हणजे शूच्या टोकाचा पाईप पकडणारा आकडा, कुठल्या दिशेला आहे ते बघून ठेवा, आणि दुसरा बेंड पण त्याच बाणावर आणि हुक त्याच दिशेला ठेवूनच करा. बाण बेंडच्या नक्की कुठल्या भागावर येतो यावर लोक वाद घालतात, पण ऑफसेटला तो प्रश्न फारसा येत नाही, दोन्ही वेळा तोच बाण आणि तीच दिशा असली की दोन बेंडमधलं अंतर आपोआप बरोबर राहतं.

जमिनीवर वाकवताना जोर पायाचा असतो, हाताचा नाही. बेंडरच्या पायरीवर टाच पक्की रोवायची, सगळं वजन तिथे द्यायचं, आणि हँडल फक्त दिशा द्यायला ओढायचं. पाय हलका पडला आणि हात जास्त ओढला की पाईप शूमधून किंचित उचलला जातो आणि बरोब्बर त्याच जागी चपटा होतो किंवा चुणी पडते, आणि चुणी पडलेला पाईप परत सरळ करून वापरायचा नसतो. एका दमात, सारख्या वेगाने, न थांबता. अँगल बघायला बेंडरवरच्या खुणा असतात, काही बेंडरमध्ये हँडल उभं झालं की ३० अंश होतात आणि काहींमध्ये ४५, तुमच्या हातातला कुठला ते एकदा तुकड्यावर बघून घ्या. सोडल्यावर पाईप थोडा मागे येतोच म्हणून खुणेच्या जरा पुढे न्यायचं, किती ते त्या पाईपवर अवलंबून, पण दोन्ही बेंडला सारखंच. दोन बेंड एकमेकांत बरोबर नसतील तर पाईप समांतर येतच नाही, २८ आणि २८ चा ऑफसेट जागेवर खपून जातो पण ३० आणि २७ चा लगेच डोळ्यात खुपतो.

दुसऱ्या बेंडसाठी बेंडर उलटा करायचा, हँडलचं टोक जमिनीवर पायाशी टेकवून शू वर, पाईप त्यात पुढे सरकवायचा, स्वतःभोवती बरोब्बर १८० अंश फिरवायचा आणि शूच्या अगदी जवळ धरून शरीराच्या वजनाने खाली दाबायचा. लांब टोकाला धरून दाबलं की पाईप शूच्या बाहेर वाकतो.

आणि इथेच तो पीळ पडतो. १८० च्या ऐवजी १७६ फिरला की दोन बेंड एका प्रतलात राहत नाहीत, पाईप जमिनीवर ठेवला की एक टोक हवेत. असा पाईप भिंतीवर बसवताना सॅडल आवळून आवळून तो जबरदस्तीने दाबला जातो आणि बॉक्सवर कायमचा ताण राहतो. माप ५ मिमी चुकलं तर सॅडल सरकवून निभावतं, अँगल अंशभर चुकला तर कुणाला कळत नाही, पण पीळ लपत नाही. माझ्या मते शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी गुणाकाराचा तक्ता देण्याऐवजी हे शिकवायला हवं.

पीळ टाळायचे उपाय साधेच आहेत. वाकवायच्या आधी पाईप सपाट पृष्ठभागावर ठेवून त्याच्या लांबीभर एक सरळ रेघ मारून घ्या, पहिल्या बेंडला ती शूच्या मधोमध वर, दुसऱ्याला बरोब्बर मधोमध खाली. किंवा पाईपच्या टोकाला लावायची छोटी लेव्हल मिळते, स्क्रूने आवळायची, पहिल्या बेंडला बुडबुडा मधे आणि फिरवल्यावर परत मधे. पण यापेक्षा पण जास्त भरवसा डोळ्यावर, एक डोळा मिटून पाईपच्या टोकाला नाक लावल्यासारखं खाली बसायचं आणि पाईपच्या अक्षावरून पहिल्या बेंडकडे बघायचं, तो वळलेला भाग शूच्या रेषेत नाहीसा झाला पाहिजे, उजवीकडे किंवा डावीकडे जरा जरी डोकावत असेल तर दाबायच्या आधीच फिरवून घ्या. पहिले काही अंश वाकवून थांबायचं, परत बघायचं, मगच पुढे. दाबताना एका दमात म्हटलं त्याला हा एवढाच अपवाद. थोडासा पीळ नंतर हाताने काढता येतो, जास्त असेल तर तो तुकडा दुसरीकडे सरळ भागासाठी वापरा.

अँगल कुठला घ्यायचा, यावर लोक सवयीने ३० म्हणतात, मी म्हणेन आधी वायर ओढणाऱ्याचा विचार करा. वायर प्रत्येक वळणावर पाईपच्या आतल्या बाजूला घासते आणि ओढायचा जोर नुसता वाढत नाही तर गुणला जातो. घर्षणाचा गुणांक ०.३५ धरला तर ३० अंशाचा ऑफसेट, म्हणजे एकूण ६० अंशाचं वळण, जोर साधारण १.४४ पट करतो, ४५ चा ऑफसेट १.७३ पट आणि २२.५ चा १.३२ पट. वेगवेगळ्या वळणांचे हे आकडे एकमेकांना गुणले जातात, आणि सगळी वळणं मिळून ३६० अंश झाली की तोच जोर ९ पट. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये दोन पुल पॉइंटच्या (जिथून वायर ओढता येते अशा जागा, जसं बॉक्स) मधे एकूण ३६० अंशांपेक्षा जास्त बेंड चालत नाहीत ते याचसाठी, आणि त्या हिशोबात ऑफसेटचे दोन्ही बेंड मोजले जातात हे लोक विसरतात, दोन काटकोन आणि ४५ चे दोन ऑफसेट झाले की कोटा संपला. जागा असेल तर कमी अँगल घ्या, पाईप जरा लांबून चढेल पण वायर सरसर जाईल. ४५ मी फक्त जागा कमी असेल तिथे घेतो, आणि तिथे अजून एक बारीक गोष्ट आहे, तक्त्यातला गुणाकार धारदार कोपऱ्याचा त्रिकोण धरतो आणि आपला बेंड गोल असतो, १०० मिमी त्रिज्येच्या बेंडला ३० अंशात त्यामुळे जेमतेम १ मिमीचा फरक पडतो पण ४५ ला खुणांमधलं अंतर ४ मिमीने जास्त येतं आणि उचल साधारण ३ मिमीने वाढते. बॉक्सशी नेमकं जुळवायचं असेल तर खूण तेवढी कमी धरा.

उलट बाजूला, लहान उचलीला मोठा अँगल घेता येत नाही कारण खुणा इतक्या जवळ येतात की शू पहिल्या बेंडवरच बसतो. बॉक्सच्या १० मिमीसाठी म्हणूनच १० अंश, खुणा ६० मिमीवर, आणि नुसता हँडलला हलका झटका.

पीव्हीसी पाईपला बेंडर नाही, आतमधे स्प्रिंग घालून गुडघ्यावर वाकवायचा. गणित तेच, पण प्लास्टिक बरंच मागे येतं म्हणून हव्या त्या अँगलच्या बरंच पुढे नेऊन मग हळूच सोडायचं. थंडीत आधी कापडाने घासून ती जागा कोमट करा, नाहीतर पांढरी पडून तडकते. स्प्रिंगला दोरी बांधून ठेवा, आणि अडकली तर तिचे वेढे आवळतील त्या बाजूला पिळून मग ओढा. वाकवल्यावर लगेच सॅडलमधे बसवा कारण मोकळा ठेवला तर सरळ होत राहतो.

शेवटचं म्हणजे बरोबरीने चाललेले पाईप. चार पाईप शेजारी शेजारी भिंतीवर आहेत आणि सगळ्यांना भिंतीपासून वर उचलायचंय तर खुणा सगळ्यांवर सरळ एका रेषेत. पण तेच चार पाईप भिंतीवरच बाजूला सरकवायचे असतील तर खुणा एका रेषेत ठेवल्या की तिरक्या भागात पाईप एकमेकांजवळ येतात, ५० मिमीचं अंतर ३० अंशाला ४३ वर येतं आणि सगळा संच आवळल्यासारखा दिसतो. त्यासाठी ज्या बाजूला वळायचंय त्या बाजूचा पाईप आधी वळतो आणि त्याच्या पलीकडच्या प्रत्येकाच्या दोन्ही खुणा थोड्या पुढे सरकवायच्या, ५० मिमी अंतराला आणि ३० अंशाला साधारण १३ मिमी, ४५ ला जवळपास २१. हे केलं की मधली फट सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी राहते. आणि असा संच एकाच माणसाने, एकाच बेंडरवर, एकामागोमाग एक वाकवावा, अर्धे आज अर्धे उद्या नको, कारण प्रत्येकाचा पाय आणि प्रत्येक बेंडरचा शू वेगळा, आणि शेजारी शेजारी लावल्यावर २ अंशांचा फरकसुद्धा दारातून आत येणाऱ्या माणसाला दिसतो.