कोंबड्या कधी सोडायच्या

गौरी-गणपती होऊन आठवडाही झाला नव्हता. मी दुपारी तीनला शाळेतून घरी आले, तर अंगणात एकही कोंबडी दिसेना. एरवी माझ्या पिशवीचा आवाज आला तरी पायात घुटमळतात. फणसाच्या बुंध्याशी पिसं पडली होती. एक तलंग खळ्याच्या कडेला, दुसरी गोठ्यामागं, तिसरी न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या अळवात. तिघींच्या मानेला चावा होता, बाकी अंगाला धक्का नव्हता. उरलेल्या अकरा करवंदीच्या जाळीत दबून बसलेल्या, बोलावूनही बाहेर येईनात. तिन्ही तलंगा मी पिल्लापासून वाढवलेल्या, नुकत्याच अंड्यावर आलेल्या. हातातली पिशवी तशीच ठेवून मी पायरीवर बसले आणि रडले.

मुंगूस आलं होतं, हे आईंनी नुसत्या जखमा बघून सांगितलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्याच रात्री जेवताना ह्यांनी जाहीर केलं, उद्यापासून एकही कोंबडी बाहेर जाणार नाही.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, समुद्रापासून थोडं आत. मी शाळेत पोषण आहार शिजवते, हे गवंडीकाम करतात, आणि आईंना आता दारापर्यंतच चालवतं. म्हणजे सकाळी साडेनऊपासून तीनपर्यंत अंगणावर लक्ष ठेवायला कोणी नसतं. हे सांगितलं पाहिजे, कारण कोंबड्या मोकळ्या सोडाव्यात की नाही असं मला कुणी विचारलं तर मी आधी एवढंच विचारते, दिवसा घरी कोण असतं?

ह्यांनी दोन रविवार घालून पडवीला लागून कोंबड्यांसाठी जाळीचं आवार केलं. चौदा फूट लांब, दहा फूट रुंद. बाजूला अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी, ती जमिनीत फूटभर पुरली, कारण मुंगूस उकरून खालून येतं. त्यावर बाहेरून जांभ्याच्या चिऱ्यांची एक ओळ. वरून घारीसाठी वेलदूरहून आणलेलं मासेमारीचं जुनं नायलॉनचं जाळं. काम इतकं पक्कं झालं की पुढच्या चार महिन्यांत आमची एकही कोंबडी मेली नाही. ह्यांचं ते काम मला आजही मोलाचं वाटतं. रात्रीचं तर त्याच्यावरच निभतं, नाहीतर उदमांजर आणि रानमांजर आमच्या वाडीत कुणाला सोडत नाहीत.

पण त्या चार महिन्यांत मी रोज सकाळ-संध्याकाळ आत वाकून बघत होते.

आठ दिवसांत आतलं गवत संपलं. पंधराव्या दिवशी नुसता चिखल, आणि पाऊस गेल्यावर त्या चिखलाचा कडक थर, त्याला उग्र वास. दोन कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडल्या, कारण दुसरं उकरायला काही नसलं की त्या एकमेकींची पिसं ओढतात. खर्च वाढला. बंद कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य लागतं, म्हणजे आमच्या अकराजणींना सव्वा किलो, तेही रोज. एरवी संध्याकाळी मूठ-दोन मूठ कणी आणि पळींज, म्हणजे पोचट भात, टाकलं की भागायचं. अंड्याचा बलक फिका पडला. तो रंग हिरव्या पाल्यातून येतो, आणि पाला आत कुठून येणार? मी शेवग्याच्या डहाळ्या बांधायचे, त्या दहा मिनिटांत साफ व्हायच्या.

हे सगळं मी सोसलं असतं. मला बघवेना ते कवडीचं. कवडी म्हणजे ठिपक्यांची, आमच्यातली सगळ्यात जुनी. चार वाजले की ती जाळीच्या कडेनं चालायला लागायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मान पुढं काढून, बाहेर बघत. तिथं पोचली की वळायची, परत यायची. दिवेलागणीपर्यंत हेच. डिसेंबरात मी आतलं झाडायला गेले, तेव्हा जाळीच्या कडेला वीतभर रुंदीची वाट पडलेली दिसली, घोटून काढावी तशी गुळगुळीत. ती एकट्या कवडीच्या पायांची वाट होती.

माझी जाऊ म्हणाली, "वयनी, कापायचीच ना शेवटी, मग एवढा जीव कशाला टाकतेस?" तिनं वाईट हेतूनं विचारलं नव्हतं. आमच्याकडे राखणीला, म्हणजे गावच्या राखणदाराला, नर द्यावा लागतो, पाहुणे आले की रस्सा होतो, हे मी लपवत नाही. पण माझं उत्तर तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. ज्या दिवशी कापायची त्या दिवशी कापू. त्याआधीचे सगळे दिवस तिचे आहेत, आणि ते तिनं माती उकरत घालवावेत. मी तिच्याकडून अंडी घेते, पिल्लं घेते, मांस घेते. तिला दुपारची दोन घटका माती मी देऊ शकत नसेन, तर मला कोंबड्या पाळायचा काय अधिकार?

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी ह्यांना न विचारता दार उघडलं.

पहिली कवडीच बाहेर आली. दारात थांबली, एक पाय वर धरून. मग सरळ फणसाखाली गेली, जिथं पाचोळा साठला होता. डाव्या पायानं मागं दोनदा, उजव्यानं एकदा, मग एक पाऊल मागं, आणि मान वाकडी करून एका डोळ्यानं मातीत बघितलं. वाळवी निघाली होती. तिनं चोच मारली आणि असा आवाज काढला जो मी चार महिन्यांत ऐकला नव्हता, ती पिल्लांना खाणं दाखवताना काढते तो, बारीक, भराभर. पिल्लं नव्हतीच, तरी. पाठोपाठ बाकीच्या आल्या. अर्ध्या तासानं बघते तर पाचजणी चुलीच्या राखेच्या ढिगात आडव्या पडून पंखांनी राख अंगावर उडवतायत, डोळे अर्धे मिटलेले. अंगातल्या उवा-पिसवा त्या अशाच झाडतात. त्यांना मी चार महिने राख नेऊन दिली होती घमेल्यातून, पण घमेल्यात एका वेळी एकच मावते.

संध्याकाळी ह्यांनी बघितलं. काही बोलले नाहीत. नुसतं विचारलं, "तू होतीस ना बाहेर?" होते.

तिथून पुढं आम्ही दोघांनी मिळून एकेक गोष्ट ठरवत नेली.

पहिली गोष्ट वेळेची. रात्रीचे शिकारी वेगळे आणि दिवसाचे वेगळे. मुंगूस दिवसा हिंडणारं जनावर आहे. म्हणजे रात्री घट्ट झाकून सकाळी दार उघडून निघून जायचं, हा जो वाडीत सगळ्यांचा शिरस्ता आहे, तो मुंगसाच्या सोयीचाच. मुंगसाला मारायचं नाही हे आमच्या घरात पक्कं आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षणही आहे, आणि घराभोवतीच्या सापांवर त्याचाच वचक असतो. मग मी घरी आल्यावरच दार उघडायचं ठरलं, साडेतीनला. माणूस आणि कुत्रा अंगणात वावरत असले की मुंगूस करवंदीच्या पलीकडं थांबतं. मी त्याला तिथं दोनदा बघितलंय, मागच्या पायांवर उभं.

याचा एक फायदा आधी माझ्या लक्षात आला नव्हता. कोंबड्या बहुतेक सकाळीच अंडं घालतात. त्या दुपारपर्यंत आत राहिल्या की अंडी टोपलीत मिळतात. पूर्वी मोकळ्या असायच्या तेव्हा पेंढ्याच्या उडवीत, लाकडांच्या मागं, कुठंही चोरून घालायच्या, आणि निम्मी घोरपडीच्या नाहीतर धामणीच्या पोटात जायची.

दुसरी गोष्ट घारीची, आणि इथं मी स्वतःची एक सवय बदलली. माझं अंगण म्हणजे सारवलेलं, झाडलेलं, एक काडी दिसायची नाही. घारीला तेच हवं असतं. मी फेब्रुवारीत लक्ष देऊन बघितलं. आमचा तांबडा कोंबडा आकाशात घार दिसली की एक लांब, बारीक, ओढलेला आवाज काढतो, आणि सगळ्या जिथल्या तिथं आडोशाला जातात. कुत्रा किंवा मुंगूस असेल तर आवाज वेगळा, कट्-कट्-कटाक असा फुटका, आणि तेव्हा त्या माना वर करून त्याच दिशेला बघत राहतात. कोंबडा सांगण्यात चुकत नाही. पण सांगितल्यावर लपायला जागा तर हवी! खळ्याच्या मधोमध असलेली कोंबडी कुठं जाणार? म्हणून मी खळ्याच्या दोन बाजूंना अडुळसा आणि जास्वंद लावली, करवंदीची जाळी तोडायची बंद केली, आणि ती वाढेपर्यंत नारळाची झापं दोन चिऱ्यांवर तिरकी टेकवून ठेवली. त्या झापांखाली मी अकराच्या अकरा एकदम शिरलेल्या बघितल्यात.

पिल्लांना मात्र हे पुरत नाही. त्यांना घारच काय, कावळासुद्धा उचलतो. मार्चात तांबडी खुडूक बसली, तिला दहा अंडी घालून बसवली, एकविसाव्या दिवशी आठ पिल्लं निघाली. ती दोन महिन्यांची होईपर्यंत आईबरोबर जाळीतच. तिथं मी वाळवीच्या वारुळाचे तुकडे नेऊन फोडते. पिल्लांच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकणार नाही.

तिसरी गोष्ट शेजाऱ्यांची, आणि खरं सांगायचं तर मुंगसापेक्षा मला याची जास्त चिंता असते. कोंबडीला हद्द कळत नाही. पलीकडच्या काकींनी थंडीत लाल माठाचा वाफा केला होता, तो आमच्या चौघींनी एका संध्याकाळी उलथापालथा केला. काकी भांडल्या नाहीत. दारात येऊन म्हणाल्या, "वयनी, बी पेरलेलं हाय गो माझं." मी त्यांना बी आणून दिलं, ह्यांनी त्यांच्या वाफ्याला वई घातली. तेवढ्यानं मिटलं, पण काकींच्या त्या आवाजातला थकवा मी विसरलेले नाही. मोकळ्या कोंबडीचा खर्च दुसऱ्याच्या वाफ्यावर पडत असेल तर ते मोकळं सोडणं मला मान्य नाही.

आणि पावसाळा तर आहेच. मिरगाला भाताचा तरवा पेरला की कोंबडी दाणा न् दाणा वेचते. आई सांगतात, त्यांच्या लहानपणी मिरगापासून लावणी संपेपर्यंत वाडीतल्या सगळ्या कोंबड्या डालग्याखाली, नाहीतर पायाला दोरी. ते कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण मोडत कुणी नव्हतं. भात कापून झोडणी झाली की मग सगळं रान कोंबड्यांचं, मळ्यात सांडलेला दाणा त्यांचाच. मला हा जुना हिशोब फार बरोबर वाटतो. वर्षाचे काही महिने बंद, काही महिने मोकळं, आणि ते सगळ्या वाडीनं मिळून ठरवायचं.

सध्या शाळेला सुट्टी आहे, मी घरी आहे, म्हणून त्या सकाळी नऊपासून बाहेर असतात. संध्याकाळी त्यांना गोळा करावं लागत नाही. मी जाळीच्या दारात पत्र्याच्या डब्यात कणी वाजवते, आणि अंधार पडायच्या आत त्या आपण होऊन आत जाऊन बसतात. कवडी अजून शेवटी जाते. आत आई अंथरुणावरून विचारतात, "कोंबड्या झाकल्यास काय गो?" मी मोजून झाल्याशिवाय हो म्हणत नाही.

मोकळ्या कोंबड्या चार घरच्या कोंबड्यांत मिसळतात, त्यामुळं आणखी एक काम वाढलंय. मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, एका घरात आली की आठ दिवसांत वाडी रिकामी करते. आणि २०२१ च्या जानेवारीत खाडीपलीकडं दापोलीत मेलेल्या पक्ष्यांत बर्ड फ्लू सापडला होता, तेव्हा आम्ही सगळ्यांनीच महिनाभर कोंबड्या कोंडल्या होत्या, ते कुणी विसरलेलं नाही. बर्ड फ्लू आला तर कोंडण्यावाचून इलाज नसतो, पण मानमोडीला लस आहे. अडचण अशी की लसीची लहानात लहान बाटली मिळते ती शंभर कोंबड्यांची, आणि एकदा कालवली की ती दोन तासांत संपवायची. अकरा कोंबड्यांसाठी कोण फोडणार? म्हणून मी वही घेऊन घरोघर फिरले. मिरगाच्या आधीच्या बुधवारी संध्याकाळी, कोंबड्या झाकल्यावर, सगळ्यांनी एकदम टोचून घ्यायचं ठरलंय. थर्मासमध्ये बर्फ घालून दवाखान्यातून बाटली मी आणणार, टोचायला तिथलेच एक दादा येणार. पिल्लांना आमच्याकडे सातव्या दिवशी डोळ्यात लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्याच लसीचा, थेंब दिलाय, त्यांनाही आता दोन महिने होतायत, म्हणजे तीही या खेपेला धरता येतील.

काल रात्रीपर्यंत वहीत एक्क्याऐंशी झाल्यात. काकींच्या सात आहेत, त्या अजून हो-नाही करतायत. उरलेल्यांसाठी उद्या सकाळी वरच्या वाडीत जाऊन येते.