प्रतिस्वाक्षरीसाठी २६ दिवस

माझ्या मुलीचे नाव तिसरीच्या हजेरीपत्रकावर चढायला २६ दिवस लागले. या २६ दिवसांत ती रोज गणवेश घालून, दप्तर पाठीला लावून शाळेत जात होती, वर्गात बसत होती, पाढे म्हणत होती. मात्र हजेरी सुरू झाली की मान खाली घालून पाटीवर रेघा ओढत राहायची. संध्याकाळी घरी आल्यावर रोज एकच प्रश्न विचारायची, “आई, बाई माझं नाव का घेत नाहीत?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ज्यांच्याकडे असायला हवे होते, त्यांच्याकडेही ते नव्हते, हे मला पुढे कळले.

माझे पती सैन्यात हवालदार आहेत. पठाणकोटहून त्यांची युनिट फील्ड भागात हलली, तिथे कुटुंब नेता येत नाही, म्हणून मुलीला घेऊन मी पश्चिम महाराष्ट्रातील आमच्या गावी सासूबाईंकडे आले. तेव्हा नोव्हेंबरचा तिसरा आठवडा होता आणि गावच्या जिल्हा परिषद शाळेची दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. पठाणकोटच्या केंद्रीय विद्यालयातून मला शाळा सोडल्याचा दाखला एका दिवसात मिळाला. सामान बांधणे, रेल्वेचे आरक्षण, घर लावणे यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. सैनिकांच्या बायकांच्या ते अंगवळणी पडलेले असते.

अडले ते गावात आल्यावर. मुख्याध्यापकांनी दाखला उलटसुलट करून पाहिला आणि सांगितले की, परराज्यातील दाखला असल्याने त्यावर तेथील जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी, म्हणजे दाखला खरा असल्याची वरिष्ठांची सही, हवी; ती नसेल तर तालुक्याच्या शिक्षण कार्यालयातून लेखी परवानगी आणा. मी तालुक्याला गेले. तेथील लिपिकाने प्रतिस्वाक्षरीचेच पालुपद लावले. मी त्यांना समजावून सांगितले की, केंद्रीय विद्यालये केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतात, पंजाबच्या जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांचा त्या शाळेवर काहीही अधिकार नाही, मग ते त्या दाखल्यावर सही कोणत्या नात्याने करणार? त्यावर उत्तर आले, “ते आम्हाला माहीत नाही, सही पाहिजे.” पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले तेव्हा साहेब बैठकीला गेले होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात लिपिक रजेवर होते. चौथ्या खेपेला एक नवीनच त्रुटी निघाली: दाखल्यात मुलीचे नाव आणि आडनाव एवढेच आहे, मध्ये वडिलांचे नाव नाही आणि जन्मस्थळाच्या रकान्यात तालुकाही नाही. मुलगी अंबाल्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात जन्मली, हे जन्मदाखल्यावर स्पष्ट लिहिलेले होते आणि तो जन्मदाखला मी त्यांच्या टेबलावरच ठेवला होता.

पतींचा फोन आठवड्यातून एकदा, तोही लागला तर लागायचा. त्या चार मिनिटांत ते आधी मुलीशी बोलायचे, मग मला विचारायचे, “झाला का प्रवेश?” मी “होतोय” म्हणायचे. दुसरे काय सांगणार? इतक्या उंचीवर, बर्फात पहाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला तालुक्याच्या लिपिकाची कथा सांगून काय साधणार होते?

मुख्याध्यापक मनाने वाईट नव्हते. त्यांनी मुलीला वर्गात बसू दिले, हेच मोठे. शालेय पोषण आहार पटावरच्या संख्येप्रमाणे शिजतो, तरी स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी तिच्या ताटात खिचडी वाढली आणि पटाचा प्रश्न कधी काढला नाही. पुस्तके मात्र मिळाली नाहीत, ती मी शेजारच्या चौथीतल्या मुलाकडून आणली.

शेवटी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माहिती विचारायला गेले असता तेथील एका निवृत्त सुभेदारांनी मला शिक्षण हक्क कायदा वाचायला सांगितला. हे मी तीन आठवडे आधी करायला हवे होते, याची चुटपुट आजही आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५ मध्ये म्हटले आहे की, कोणत्याही कारणाने, राज्याच्या आत किंवा बाहेर, शाळा बदलावी लागली तर बालकाला दुसऱ्या शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे, आणि दाखला सादर करण्यास उशीर झाला या कारणावरून नवी शाळा प्रवेश लांबवू अथवा नाकारू शकत नाही. म्हणजे दाखला हातात नसतानाही प्रवेश द्यायला हवा होता; माझ्या हातात तर तो होता! वर्षाच्या मध्येच आलात, ही सबबही चालत नाही. त्यासाठी कलम १५ आहे.

त्या रात्री मी दीड पानी अर्ज लिहिला, कलमांचे क्रमांक घातले, प्रवेश नाकारायचा असल्यास कारण लेखी द्यावे अशी विनंती शेवटी जोडली आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कार्यालयातील आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. पोच मागताच समोरच्या आवाजाची पट्टी उतरली, हे सांगताना मला थोडा आनंद होतो, तो लपवत नाही. तिसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, शाळेत आले, अर्ज वाचला आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, “नाव घाला.” दहा मिनिटांचे काम होते. प्रतिस्वाक्षरीचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही.

माझ्यासारख्या सैनिकांच्या बायकांना एक सांगावेसे वाटते: अशा अर्जासोबत बदलीच्या किंवा हालचालीच्या आदेशाची छायाप्रत जोडू नये. त्यात युनिटचे ठिकाण असते आणि तो कागद कोणाच्या फायलीत जाऊन पडेल याचा नेम नसतो. युनिटकडून साधे सेवा प्रमाणपत्र मागवावे. आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा सुचली: जुनी शाळा सोडतानाच मुलाचा यू-डायस प्लसमधील (शाळा व विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतील) कायम शिक्षण क्रमांक लिहून घ्यावा आणि त्या शाळेने ऑनलाइन नोंदीतून मुलाला ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे नव्या शाळेला नाव घेता येईल अशा यादीत, टाकले आहे ना, याची खात्री करावी. मी ते केले नव्हते, त्यामुळे नाव कागदावर चढल्यानंतरही संगणकावर चढायला जानेवारी उजाडला.

वर्गातली अडचण वेगळीच होती. बाईंनी कौतुकाने पहिल्या आठवड्यात तिला परिपाठात उभे करून “हिचे बाबा सीमेवर आहेत” असे सांगितले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मधल्या सुट्टीत एका मुलाने तिला विचारले, “तुझ्या बाबांना गोळी लागली तर?” ती रात्री झोपली नाही. दुसऱ्या दिवशी मी बाईंना भेटले. त्यांना वाईट वाटले. त्यानंतर त्यांनी तो विषय वर्गात काढला नाही, मात्र फोन येऊन गेला की दुसऱ्या दिवशी ती गप्प असते, हे सांगितल्यावर त्या दिवशी तिला फळा पुसायचे आणि वह्या वाटायचे काम देऊ लागल्या. मराठी ती घरी बोलायची, पण लिहायला हिंदीच शिकली होती, त्यामुळे श्रुतलेखनात “शाळा”चे “शाला” आणि “फळा”चे “फला” व्हायचे. गणितात बेरीज बरोबर यायची, पण “हातचा” म्हणजे काय ते तिला कळत नव्हते. पठाणकोटला ती त्याला “कॅरी” म्हणायला शिकली होती. बाईंनी तांबड्या शाईचे गोल काढणे थांबवून तिच्यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर “ळ”चे शब्द लिहून दिले. फेब्रुवारीत पती रजेवर आले तेव्हा तिचे चार दिवस बुडणार हे मी आधीच कळवून ठेवले होते, म्हणून बोलणी बसली नाहीत.

पतींना सरकारकडून मिळणाऱ्या मुलांच्या शिक्षण भत्त्यासाठी वर्षाअखेरीस मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र लागते. वर्ष दोन शाळांत विभागले गेल्याने मी ते दोन्हीकडून घेतले. पठाणकोटचे टपालाने आले.

आता पतींची बदली पुन्हा पीस स्टेशनला, म्हणजे कुटुंब सोबत नेता येते अशा ठिकाणी, राजस्थानात होत आहे. जिल्हा परिषदेचा दाखला मराठीत असतो, म्हणून या वेळी मी मुख्याध्यापकांकडे त्याची शिक्क्यासह इंग्रजी प्रतही मागितली आणि कायम शिक्षण क्रमांक त्यांच्यासमोरच वहीत उतरवून घेतला. सही करताना त्यांनी वर पाहून विचारले, “ताई, प्रतिस्वाक्षरी हवी का?”