पाळक कोणाकडे वळले आहेत, ते बघत राहा

'तुमच्या चर्चला एकदा यायचंय, चालेल ना? पण तिथे नेमकं करायचं काय असतं?' ओळखीतलं कुणी ना कुणी हे विचारतंच. चालेल, आनंदाने या. आणि करावंच लागेल असं काही नसतं. मागच्या बाकावर बसून नुसतं ऐकलंत तरी कुणाला वावगं वाटणार नाही.

मी आमच्या लुथरन चर्चच्या गायकवृंदात गाते. वर ऑर्गनपाशी आमची जागा, तिथून सगळे बाक दिसतात. नवखा माणूस लगेच कळतो: पुस्तकाची पानं उलटत असतो आणि शेजारी उठला की दचकून उठतो. त्याला मला एकच गोष्ट सांगावीशी वाटते. पुस्तक राहू दे, पाळकांकडे, म्हणजे उपासना चालवणाऱ्या धर्मगुरूंकडे बघ. जुन्या रीतीच्या चर्चमध्ये ते वेदीकडे तोंड करून उभे असतील, तर आपल्या सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलताहेत. आपल्याकडे वळले, की देवाच्या वतीने आपल्याशी. काही ठिकाणी वेदी भिंतीपासून पुढे असते आणि पाळक तिच्यामागे उभे राहतात, तिथे ही खूण तितकी चालत नाही. पण जिथे चालते, तिथे सगळी उपासना आपोआप उलगडते.

सुरुवातीलाच बघा. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने उपासना सुरू होते; बाप्तिस्म्याच्या वेळचेच हे शब्द. लगेच पापकबुली. सगळे मिळून म्हणतात, मध्ये थोडी शांतता असते. मग पाळक आपल्याकडे वळतात आणि पापक्षमा जाहीर करतात. 'देव तुम्हाला क्षमा करो' अशी नुसती इच्छा ते व्यक्त करत नाहीत. ख्रिस्ताच्या आज्ञेने मी तुम्हाला क्षमा करतो, असं सरळ सांगतात. आठवडाभर मनात काहीबाही घेऊन फिरल्यावर हे वाक्य कानावर पडणं, याच्यासाठी मी येते.

पुढे 'प्रभो, दया कर', स्तुतिगान, शास्त्रवाचनं. शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कथा, वाचताना सगळे उभे राहतात. मग मतांगीकार (आपली श्रद्धा सगळ्यांनी मिळून म्हणायची), उपदेश, प्रार्थना, अर्पण. अर्पणाची थैली आली तर पुढे सरकवा, पाहुण्याकडून कसलीच अपेक्षा नसते. कॅथलिक मिस्सा, म्हणजे त्यांची प्रभुभोजनाची उपासना, पाहिला असेल तर यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल, आणि ते साहजिक आहे. आम्ही मिस्सा मोडीत काढलेला नाही, असं १५३० सालच्या आउग्सबुर्गच्या कबुलीतच, म्हणजे आमच्या पंथाची श्रद्धा मांडणाऱ्या लेखातच लिहिलंय.

फळ्यावरचे आकडे म्हणजे त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक. बऱ्याचदा सगळी कडवी गातात, त्यामुळे गीत लांबतं. लांबू द्या. लोकांनी आपल्या भाषेत, आपल्या तोंडाने गावं हा मार्टिन लूथरांचा आग्रह होता; त्यांच्याच नावाने आमचा पंथ ओळखला जातो. १५२४ साली छापलेल्या पहिल्या छोट्या गीतसंग्रहात आठच गीतं होती, त्यांतली चार त्यांची स्वतःची. गळा कसाही असो, गा.

प्रभुभोजनाबद्दल मात्र आधी विचारून घ्या. भाकर आणि द्राक्षारस यांत ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त खरोखर असतं, अशी आमची श्रद्धा आहे. याच मुद्द्यावर १५२९ साली जर्मनीतल्या मारबुर्गला लूथर आणि स्विस धर्मसुधारक झ्विंग्ली यांची बोलणी फिसकटली. म्हणून काही लुथरन चर्च फक्त आपल्या पंथातल्या सभासदांनाच प्रभुभोजन देतात, तर काही बाप्तिस्मा झालेल्या कुणालाही. नकार मिळाला तर अपमान समजू नका. जी गोष्ट पवित्र मानतो, ती जपून देतो, इतकंच. बाकावर बसून राहिलात तरी चालतं. बऱ्याच ठिकाणी छातीवर हातांची फुली करून पुढे गेलं, की पाळक आशीर्वाद देतात.

प्रभुभोजनासाठी वेदीपुढच्या कठड्यापाशी लोक गुडघे टेकतात, तेव्हा जरूर लक्ष द्या. म्हातारी माणसं, आयांच्या कडेवरची लेकरं, रविवारी नेहमी एकटा बसणारा एखादा माणूस, सगळे एका रांगेत. आणि पाळक एकेकापुढे थांबून तेच शब्द पुन्हा म्हणतात: 'तुझ्यासाठी दिलेलं.' घाई नाही, कुणाला गाळणं नाही.

त्यानंतर बहुतेक ठिकाणी शिमोनाचं गीत (बाळ येशूला पाहून शिमोनाने म्हटलेलं) होतं आणि शेवटी बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला आशीर्वाद: 'परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे रक्षण करो.' पाळक पुन्हा आपल्याकडे वळलेले असतात. हा आशीर्वाद पाहुण्यालाही आहे, त्याच्या आधी उठून जाऊ नका. नंतर ते सहसा दाराशी उभे असतात. काही अडलं असेल तर तिथेच विचारा. रांग मोठी असेल तर बाजूला थांबा, रांग संपली की ते निवांत बोलतात.